‘तोंड आले’ असे म्हणण्यापूर्वी



आजारांना नावे देण्याच्या मराठीत ज्या अनेक रीती आहेत, त्यांपैकी एक मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. आपले डोळे जन्मापासून आपल्यापाशीच असतात. तरी साथीच्या दिवसांत आपण म्हणतो, ‘डोळे आले’. तोंड कुठे गेलेले नसते. तरी ते ‘येते’. ताप येतो, गोवर येतो, एके काळी देवी येत असत. या वाक्यांकडे व्याकरणाच्या अंगाने जरा निरखून पाहा. ‘बाळाला दात आले’ या वाक्यात दात खरोखरच नव्याने आलेले आहेत आणि ते ज्याला आले त्या बाळाला ‘ला’ हा प्रत्यय लागला आहे. ‘बाळाचे तोंड आले’ या वाक्यात मात्र बाळ षष्ठीत गेले आहे आणि जे आधीपासून आहे, तेच ‘आले’ आहे. मी याचा अर्थ असा लावतो की, ज्या अवयवाची एरवी जाणीवही नसते तो दुखू लागून आपले असणे जाणवून देतो, त्या क्षणाला आपली भाषा ‘येणे’ म्हणते.

प्रौढ माणसाच्या बाबतीत ही जाणीव ज्याची त्याला होते आणि वाक्यही तोच बोलतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तसे नाही. तेथे दुखणे एकाचे असते आणि वाक्य दुसऱ्याचे. आई, आजी, सुईण किंवा गावातली आशाताई बाळाच्या तोंडात डोकावते आणि ‘तोंड आले’ म्हणते. या निबंधात मला त्या डोकावण्याविषयी आणि त्यानंतर उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांविषयी लिहायचे आहे. विषय वैद्यकाचा वाटेल. आपल्यापैकी अनेकांच्या घरी या क्षणी पाळणा हलत असेल, तेव्हा तो तसाही उपयोगी पडावा अशी माझी इच्छा आहे. पण मी भाषेचा अभ्यासक आहे आणि या विषयाकडे मी भाषेच्या वाटेनेच पोहोचलो.

‘तोंड येणे’ हा वाक्प्रचार फार ऐसपैस आहे. तिखट सोसत नाही म्हणून तोंड आले, पोट साफ नाही म्हणून आले, जीवनसत्त्वांच्या अभावी आले, तंबाखूने आले. या सर्वांना एकच नाव पुरते, कारण रुग्ण स्वतः बोलू शकतो आणि पुढचे तपशील सांगू शकतो. तान्ह्या बाळाच्या तोंडात जे ‘येते’, ते बहुतेक वेळा यांपैकी काहीच नसते. ती एक बुरशी असते. डॉक्टर तिला ‘थ्रश’ म्हणतात, माहितीपत्रकांत ‘तोंडातील बुरशीसंसर्ग’ असे छापलेले असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत हा विकार पुष्कळ बाळांना होतो. जिभेवर, गालांच्या आतल्या बाजूला, हिरड्यांवर, टाळूवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे ठिपके किंवा थर दिसतात. काही बाळांना त्याचा काहीच त्रास होत नाही. काही बाळे दूध पिताना कुरकुरतात. कधी त्याच बुरशीने जांघेत लालभडक चट्टा उठतो आणि त्याच्या कडेने बारीक पुटकुळ्या दिसतात. ताप सहसा नसतो.

या बुरशीचे शास्त्रीय नाव ‘कँडिडा अल्बिकन्स’. येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह मला आवरत नाही. ‘कँडिडा’ हे कुलनाम क्रिस्टीन बर्खाउट या डच संशोधक स्त्रीने १९२३ मध्ये रूढ केले. त्याचे मूळ लॅटिन ‘कँडिडस’, म्हणजे शुभ्र, तेजस्वी. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस पांढराशुभ्र झगा घाली, म्हणून इंग्रजीत उमेदवाराला ‘कँडिडेट’ म्हणतात. ‘अल्बिकन्स’ म्हणजे पांढरे होत जाणारे. अर्थात हे नाव म्हणजे पांढऱ्यावर पांढरे. पण खरी गंमत पुढे आहे. लॅटिनमधील हा शब्द आणि संस्कृतातील ‘चंद्र’ हे दोन्ही एकाच मूळ धातूपासून आले असल्याचे तुलनात्मक भाषाशास्त्र सांगते. चमकणे हा त्या धातूचा अर्थ. म्हणजे चंद्रपूर या नावातला ‘चंद्र’ आणि चंद्रपुरातल्या एखाद्या बाळाच्या जिभेवरची ‘कँडिडा’ ही दूरची भावंडे ठरतात. परीक्षेत हे कोणी विचारणार नाही. तरीही शब्दांचे नाते किती अनपेक्षित घरांतून जाते, हे ध्यानात यावे म्हणून सांगितले.

पांढरे दिसले म्हणजे बुरशीच, असे मात्र नाही. नुकतेच दूध प्यायलेल्या बाळाची जीभही पांढरी असते. ध्वनिविचाराच्या घटकात आपण लघुतम भेदक जोड्या शिकला असाल: ‘पान’ आणि ‘बान’ नव्हे, तर ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांसारख्या, एकाच ध्वनीने अर्थ पालटणाऱ्या जोड्या. दुधाची साय आणि बुरशीचा थर ही अशीच जोडी आहे. रंग एकच, फरक एकाच लक्षणात दडलेला. दुधाचा थर मुख्यतः जिभेवर असतो, दोन पाजण्यांच्या मधल्या वेळात विरळ होतो आणि ओल्या मऊ फडक्याने टिपला की निघतो. बुरशीचा थर गालांच्या आतही असतो, वेळ गेल्याने विरत नाही आणि टिपल्याने सहजासहजी निघत नाही. जोर लावून काढला, तर खाली लाल, कच्ची त्वचा उघडी पडते आणि थोडे रक्तही येते.

‘टिपला’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरले आहे. स्वच्छतेच्या कृतींसाठी मराठीकडे क्रियापदांची केवढी श्रीमंती आहे, ते पाहा: टिपणे, पुसणे, निपटणे, चोळणे, घासणे, खरवडणे, ओरबाडणे. प्रत्येकात हाताचा जोर वेगळा, बोटांची ठेवण वेगळी. ‘टिपणे’मध्ये घर्षण नाही, कागदावरची शाई टिपावी, डोळ्यांतले पाणी टिपावे, तसे. ‘खरवडणे’ हे भांड्याच्या बुडाशी लागलेल्या भाताला शोभते. आणि आरोग्यविषयक माहितीपत्रके काय लिहितात? ‘बाळाचे तोंड स्वच्छ करावे.’ हे वाक्य वाचून एखादी आजी बोटाला धडूते गुंडाळून, मीठ लावून नातवाची जीभ खसाखसा घासते, तेव्हा ती सूचनेचे उल्लंघन करत नसते. सूचनेने मोकळी सोडलेली जागा ती आपल्या परीने भरत असते. घासलेल्या जागी रक्त येते, बाळाला दूध ओढताना झोंबते, आणि साधा विकार कठीण होऊन बसतो. शासकीय मराठीतील सर्वसमावेशक क्रियापदांविषयी माझे मत फारसे चांगले नाही, याचे एक कारण हेही आहे.

आता थोडे या प्रदेशाविषयी. गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला; अरण्य मात्र दोघांचे सलग आहे. भाषांचेही तसेच. येथे झाडीबोली आहे, गोंडी आणि माडिया आहे, सिरोंचाकडे तेलुगू आहे, बंगाली बोलणारी गावे आहेत. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ टिकत नाहीत; पाण्याचे ‘पानी’ होते आणि डोळ्याचा ‘डोरा’. हाच डोळा वऱ्हाडीत ‘डोया’ होतो. हे ध्वनिबदल आपण कोष्टकात पाठ करता. पण दवाखान्यात नोंदवहीवर मान घालून बसलेल्या माणसाला ते कोष्टक ठाऊक नसेल, तर त्याच्यासमोर बसलेल्या बाईचे बोलणे त्याच्या दृष्टीने ‘अशुद्ध’ ठरते. मग तो ऐकणे थांबवतो आणि स्वतःच विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे स्वतःच लिहितो. १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना माडिया शिकावी लागली, ती काही भाषाप्रेमासाठी नव्हे. रोग्याचे वाक्य कळल्यावाचून रोग कळत नाही, एवढे साधे ते कारण होते.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावरील संपर्क सत्रात मी बोलीतील शब्दसंग्रहाचा स्वाध्याय दिला होता. बहुतेकांनी शेती, स्वयंपाक, लग्नविधी यांतले शब्द आणले. एक विद्यार्थिनी आशा कार्यकर्ती होती. तिने तिची गृहभेटींची वही आणली. छापील तक्त्याच्या समासात, जिथे काही लिहिणे अपेक्षित नव्हते, तिथे तिने बाळंतिणींची वाक्ये जशीच्या तशी उतरवली होती. बाळ दूध पीत नाही, या एका तक्रारीसाठी तिच्याकडे निदान तीन वाक्ये होती. एक: ‘लेकरू दूध धरते, अन् सोडून देते, मंग रडते.’ दुसरे: ‘धरते, पन ओढ नाही.’ तिसरे: ‘धरतच नाही, निजूनच राहते.’ तक्त्यातल्या रकान्यात या तिन्हींसाठी एकच खूण करायची होती: ‘स्तनपान नीट नाही’.

मी ती वही बराच वेळ पाहत राहिलो. तुम्हीही ही तीन वाक्ये पुन्हा वाचा. पहिल्या वाक्यातले बाळ भुकेले आहे. ते स्तन पकडते, ओढते, दुखते म्हणून सोडते आणि रागाने रडते. त्याला भूक आहे, जोर आहे, रडू आहे. तोंडात काहीतरी झोंबते आहे. अशा बाळाच्या तोंडात डोकावले तर पांढरे ठिपके सापडण्याचा संभव बराच. दुसऱ्या वाक्यात जोर ओसरला आहे. तिसऱ्यात इच्छाच मावळली आहे. हे बाळ रडतही नाही, आणि अनुभव नसलेल्या माणसाला तेच शहाणे, शांत बाळ वाटते. दुसरे आणि तिसरे वाक्य तोंडाच्या विकाराचे नाही. ते साऱ्या शरीरात पसरू पाहणाऱ्या जंतुसंसर्गाचे असू शकते आणि त्यात बाळ काही तासांत दगावू शकते. ‘धरून सोडणे’ आणि ‘न धरणे’ यांतला भेद माझ्या विद्यार्थिनीने समासात जपला होता. तक्त्याने तो पुसून टाकला होता.

हा भेद किती मोलाचा आहे, याचा पुरावा याच जिल्ह्यात तयार झाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बाळांची काळजी घरीच घेता येईल का, हे पाहण्यासाठी त्यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांत प्रयोग केला आणि तुलनेसाठी ४७ गावे निवडली. गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी उतरले होते. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने ही पद्धत आशांमार्फत देशभर नेली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या, प्रसूती घरीच झाली असेल तर पहिल्या दिवशीही.

वैद्यकीय यशाची ही कथा आपण वाचली असेल. मला तिच्यातला एक भाषिक तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी आरोग्यदूतांना जी लक्षणे शिकवली होती, त्यांतली काही वाक्ये प्रयोगशाळेच्या भाषेत नव्हतीच. आधी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण झाले किंवा थांबले. आधी नीट ओढणाऱ्या बाळाने ओढणे थांबवले, किंवा ओढ कमी झाली असे आईला वाटते. ‘आईला वाटते’ हे शब्द लक्षणांच्या यादीत बसवलेले होते. शरीराचे तापमान, श्वासांची गती यांच्या बरोबरीने त्यांना जागा होती, आणि यादीतली कोणतीही दोन लक्षणे एकत्र दिसली की उपचार सुरू करायचे असा नियम होता. आईचे वाक्य हे येथे पुरावा म्हणून दाखल झाले. वाक्यविचार शिकवताना ‘मला वाटते’ या रचनेचे उदाहरण देण्याची वेळ आली की मला ही यादी आठवते.

तोंडातल्या बुरशीकडे परत येतो. गावात या विकाराला दुसरेही एक वाक्य चिकटलेले असते: ‘बाळाला दूध बाधले.’ ‘तोंड आले’ हे वाक्य कोणावर आळ घेत नाही. काहीतरी आले, एवढेच ते सांगते. ‘दूध बाधले’ या वाक्यात मात्र कर्ता आहे, आणि तो कर्ता आईच्या अंगातला आहे. मग चौकशी सुरू होते. तिने आंबट खाल्ले होते का, थंड पाण्यात हात घातला होता का, उष्टावले होते का. तिचे पथ्य आणखी कडक होते. आधीच बाळंतिणीच्या ताटात फारसे काही नसते, त्यातले अर्धे उचलले जाते. काही घरी अंगावरचे दूधच बंद करतात आणि बाटली किंवा बोंडले पुढे येते. यातली एकही गोष्ट बुरशीला अडवत नाही. नीट न उकळलेल्या बाटलीने तर ती वाढते. दूध हे या विकाराचे कारण नव्हे आणि दूध तोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. बुरशी असतानाही बाळाला अंगावर पाजत राहावे. ओढताना बाळ कळवळत असेल तर दूध पिळून स्वच्छ वाटी-चमच्याने द्यावे, पण दूध आईचेच असावे.

मग ही बुरशी येते कोठून? पुष्कळदा जन्माच्या वाटेवरच. ही बुरशी अनेक निरोगी स्त्री-पुरुषांच्या शरीरावर आणि शरीरात गुपचूप वस्ती करून असते. स्त्रीच्या योनिमार्गात ती वाढलेली असेल, तर प्रसूतीच्या वेळी बाळाच्या तोंडात जाते. हात, स्तनाग्रे, चोखण्या यांतूनही जाते. आईला किंवा बाळाला प्रतिजैविके दिली गेली असतील, तर तिच्यावर वचक ठेवणारे जिवाणू मरतात आणि तिला मोकळे रान मिळते.

आणि येथे मराठीतले दुसरे क्रियापद समोर उभे राहते. स्त्रिया या दुखण्याला काय म्हणतात? ‘अंगावरून पांढरे जाते.’ आईचे ‘जाणे’ आणि बाळाचे ‘येणे’. एकाच बुरशीची ही दोन टोके असू शकतात. पण एक क्रियापद घरात मोठ्याने उच्चारले जाते आणि दुसरे कुजबुजत, तेही बाईने बाईपाशी. पांढरे जाणे म्हणजे दरवेळी बुरशी नव्हे. थोडासा स्राव तर निरोगीपणाचाच भाग असतो. दह्यासारखा स्राव आणि सोबत असह्य खाज असेल तर बुरशीचा संशय घ्यावा. परंतु संशय घेण्यासाठी आधी कोणीतरी विचारले पाहिजे. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. या दोन आकड्यांमधले अंतर मी न बोलल्या गेलेल्या वाक्यांचे अंतर समजतो. ज्या दुखण्याला केवळ सर्वनामाने आणि खाली मान घालून निर्देश करता येतो, ‘ते जाते’, ‘तसे होते’, ते दुखणे दवाखान्याच्या खिडकीपर्यंत पोहोचत नाही. बाळाच्या तोंडात मात्र ते पांढऱ्या अक्षरांत लिहिले जाते.

उपचारांविषयी सांगतो, कारण आपल्यापैकी कोणाला तरी ते उद्याच लागतील. सौम्य विकार पुष्कळदा आपोआप बरा होतो. तरी तान्ह्या बाळाचे तोंड एकदा डॉक्टरांना, परिचारिकेला किंवा आशाताईला दाखवावे. जुने आणि खेड्यापाड्यांत परिचित असलेले औषध म्हणजे जेन्शन व्हायोलेट, आपले ‘जांभळे औषध’. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत तान्ह्या बाळासाठी ते अर्ध्या ताकदीचे, म्हणजे ०.२५ टक्क्यांचे सांगितले आहे. दुकानातली तीव्र बाटली स्वतःच्या मनाने आणून लावू नये. तोंडाच्या नाजूक त्वचेला त्याने इजा होते. आजकाल डॉक्टर बहुधा क्लोट्रिमॅझोलचे द्रावण किंवा निस्टॅटिनचे थेंब लिहून देतात.

‘निस्टॅटिन’ या नावाचीही एक कहाणी आहे. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोन अमेरिकन स्त्रियांनी १९५० मध्ये हे औषध शोधले. एक न्यूयॉर्क शहरात काम करी, दुसरी दूर ऑल्बनीत. एकीने मातीचे नमुने तपासून बुरशीला मारणारे जिवाणू शोधायचे, ते बरणीत घालून टपालाने दुसरीला पाठवायचे. दुसरीने त्यातील द्रव्ये वेगळी काढून पुन्हा टपालानेच परत करायची, असा त्यांचा व्यवहार होता. ‘न्यूयॉर्क स्टेट’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून औषधाचे नाव पडले. टपालाने येणाऱ्या पुस्तिकांवर शिकणाऱ्या आपणांस ही पद्धत अपरिचित वाटू नये.

औषध कोणतेही असो, लावण्याची रीत एकच. आधी हात साबणाने धुवावेत. बाळाला पाजून झाल्यावर औषध लावावे; आधी लावले तर ते दुधाबरोबर पोटात जाते. स्वच्छ बोटाने किंवा कापसाच्या बोळ्याने गालांच्या आत, हिरड्यांवर, जिभेवर थोडे थोडे फिरवावे, घशाच्या मागे ढकलू नये. ठिपके दिसेनासे झाले की औषध थांबवण्याचा मोह होतो. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत, निस्टॅटिन तर ठिपके गेल्यावरही दोन दिवस चालू ठेवतात. आईच्या स्तनाग्रांना आग, खाज, भेगा असतील किंवा पाजताना आत कळ जात असेल, तर त्याच वेळी तिच्यावरही उपचार व्हावेत, नाहीतर बुरशी आईकडून बाळाकडे आणि बाळाकडून आईकडे फिरत राहते. वाटी, चमचा, बोंडले रोज उकळावे. पुसायचे फडके रोज धुऊन उन्हात वाळवावे.

टाकणखाराची लाही मधात कालवून तोंडाला लावण्याचा उपाय आपल्याकडे जुना आहे. त्याविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. मोठ्यांनी काय करावे ते त्यांनी ठरवावे. तान्ह्या बाळाला मात्र हे देऊ नये. टाकणखार बाळाच्या शरीरात साचून विषारी ठरतो. चोखणीला टाकणखार आणि मध लावल्याने बाळांना झटके आल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. मधात एका विशिष्ट जिवाणूची बीजे असू शकतात आणि एका वर्षाखालील बाळाचे आतडे त्यांना आवरू शकत नाही, म्हणून वर्षाच्या आत मध नकोच. परंपरेचा अभ्यास करणाऱ्या माणसानेच हे सांगितलेले बरे. नाहीतर ते परंपरेचा द्वेष म्हणून ऐकले जाते.

विकार दोन आठवड्यांत हटला नाही, बरा होऊन पुनःपुन्हा उद्भवला, किंवा बाळाचे वजन वाढेना, तर मूळ कारण शोधण्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. आणि ज्या बाळाची ओढ गेली आहे, जे उठवले तरी उठत नाही, ज्याचे रडणे बारीक झाले आहे, जे हाताला गरम किंवा गार लागते, ज्याचा श्वास भरभर चालला आहे, छाती आत ओढली जाते आहे, त्याच्या जिभेवर पांढरे ठिपके असोत वा नसोत, ते पाहण्यात वेळ घालवू नये. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद होतो. अशा गावांत संध्याकाळी घेतलेला निर्णय आणि सकाळी घेतलेला निर्णय यांत रात्रीपुरतेच अंतर नसते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावताना किंवा आशाताईकडे माणूस धाडताना ‘तोंड आले आहे’, ‘बरे नाही’ असे मोघम सांगू नये. बाळ किती दिवसांचे आहे, शेवटचे दूध केव्हा प्यायले, आधी कसे ओढत होते आणि आता काय करते, हे आई ज्या शब्दांत सांगते त्याच शब्दांत पुढे सांगावे. माझ्या त्या विद्यार्थिनीने आता समासात लिहिणे सोडले आहे. तिने तक्त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर तीन रकाने आखले आहेत: ‘धरते, सोडते’, ‘धरते, ओढ नाही’, ‘धरत नाही’. शेवटच्या दोन रकान्यांत खूण पडली, की ती वही मिटते आणि आधी फोन करते.